गोडाचा हिशोब डब्याच्या पाठीवर

आमचे किराणा मालाचे दुकान तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या तोंडाशी आहे. सकाळी गल्ल्यावर माझे सासरे बसतात. घरात आणि पेठेत सारे त्यांना बाबूजी म्हणतात. दुपारी त्यांची विश्रांती होईपर्यंत दोन-तीन तास मी दुकान सांभाळते. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी एक निवृत्त शिक्षक आले. निम्मी पेठ त्यांच्या हाताखाली शिकलेली असल्याने त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. त्यांच्या पत्नीला मधुमेह आहे. "चहाबरोबर तिला काहीतरी लागतं. साखर नसलेली बिस्किटं आहेत का?" त्यांनी विचारले. मी फळीवरून एक पुडा काढला. दर्शनी बाजूला गव्हाच्या लोंब्या, खजुराचे चित्र आणि ठळक अक्षरांत लिहिलेले, "परिष्कृत साखर नाही". मी म्हटले, "ही घ्या गुरुजी, यात साखर नाही."

पुढे तीन महिने गुरुजी दर आठवड्याला तो पुडा नेत राहिले. मग एके दिवशी ते रिकामे वेष्टन घेऊन आले. पत्नीची रक्तातील साखर वाढली होती. डॉक्टरांनी काय काय खाता असे विचारले आणि बिस्किटांचे वेष्टन मागवून घेतले होते. "सूनबाई, माझी तक्रार नाही. पण ही मागची अक्षरं माझ्या चष्म्याला दिसली नाहीत, ती डॉक्टरांना दिसली. तुम्हीही एकदा वाचा," ते म्हणाले. मी वाचले. गव्हाचे पीठ, पाम तेल, गुळाची पावडर, खजुराचे सिरप. खालच्या तक्त्यात १०० ग्रॅमला एकूण साखर २४ ग्रॅम, आणि त्यापैकी वरून घातलेली २२ ग्रॅम.

कंपनीने छापलेले वाक्य अक्षरशः खरे होते. पांढरी, कारखान्यात शुद्ध केलेली साखर त्यात खरोखरच नव्हती. खोटे होते ते माझे वाक्य. तीन पिढ्या या दुकानाने वजनात कोणाला फसवले नाही, असे बाबूजी अभिमानाने सांगतात. त्या दिवशी मी एका विश्वासू गिऱ्हाइकाला शब्दांत फसवले होते, तेही न वाचता. त्या संध्याकाळपासून मी डब्यांच्या पाठी वाचू लागले. त्यातून जे हाती आले ते आपल्यासारख्या कुटुंबांपुढे ठेवावेसे वाटते, कारण आपल्यापैकी अनेक जण हा माल खातातही आणि विकतातही.

साखर एकच, वाट वेगळी

आंब्यात साखर असते, दुधात असते, गाजरातही असते. दुधातील साखरेला दुग्धशर्करा म्हणतात. १०० मिलिलीटर दुधात ती साडेचार ते पाच ग्रॅम असते. फळांमध्ये फलशर्करा, द्राक्षशर्करा म्हणजेच ग्लुकोज, आणि आपल्या नेहमीच्या साखरेतील सुक्रोज ही तिन्ही कमी-अधिक प्रमाणात आढळतात. सफरचंदाच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १० ग्रॅम साखर असते. ही झाली नैसर्गिक साखर, म्हणजे पदार्थाबरोबर जन्माला आलेली. कारखान्यात किंवा स्वयंपाकघरात चवीसाठी जी वरून घातली जाते ती मिसळलेली साखर.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर सफरचंदातील सुक्रोज आणि पोत्यातील सुक्रोज यांत काहीही फरक नाही. शरीरात ती कोणत्या सोबतीने जाते, यात फरक आहे. सफरचंद चावून खावे लागते. त्यातील तंतू आणि पाणी पोट भरतात, पचन सावकाश होते, आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. चार सफरचंदे एका बैठकीत सहसा कोणी खात नाही. याउलट सरबतातील तेवढीच साखर दोन घोटांत पोटात जाते आणि भूक जशीच्या तशी राहते. दुधाबरोबर प्रथिने आणि कॅल्शियम येतात. वरून घातलेल्या साखरेबरोबर ऊर्जेखेरीज काहीच येत नाही. म्हणून जाणकार जी मर्यादा सांगतात ती फळांतील वा दुधातील साखरेवर नसते, मिसळलेल्या साखरेवर असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा अशा साखरेतून यावी, आणि ती पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक हितकारक, असे त्यात म्हटले आहे. दिवसाला २००० किलोकॅलरी घेणाऱ्या प्रौढ माणसासाठी याचा अर्थ दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तर २५ ग्रॅम म्हणजे जेमतेम सहा चमचे. आपल्या घरी दिवसातून तीन वेळा, दोन चमचे साखरेचा चहा होत असेल, तर तिथेच हा हिशोब संपतो. बिस्किटे, सॉस, सरबत आणि मिठाई हे सारे त्याच्या वरचे.

तक्त्यातील दोन ओळी

आपल्या देशात वेष्टनावरील मजकुराचे नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण ठरवते. प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमांनुसार पोषणतक्त्यात कर्बोदकांच्या खाली साखरेच्या दोन ओळी असाव्या लागतात. पहिली 'टोटल शुगर्स', म्हणजे एकूण साखर. दुसरी 'ॲडेड शुगर्स', म्हणजे मिसळलेली साखर. पूर्वी बहुतेक वेष्टनांवर एकच आकडा असे आणि दुधाची साखर किती, पोत्यातली किती, हे कळण्याचा मार्ग नसे.

आता साधी वजाबाकी पुरते. एकूण साखरेतून मिसळलेली साखर वजा केली की उरते ती नैसर्गिक. समजा, आंब्याच्या स्वादाच्या दह्यावर १०० ग्रॅमला एकूण साखर १४ ग्रॅम आणि मिसळलेली ९ ग्रॅम लिहिली आहे. उरलेले ५ ग्रॅम मुख्यतः दुधाचे आणि थोडे आंब्याचे. साध्या दह्यावर एकूण साखर ४ किंवा ५ ग्रॅम आणि मिसळलेली शून्य असेल, तर त्या चार-पाच ग्रॅमना घाबरण्याचे कारण नाही. कित्येक जण ताकाच्या पिशवीवर 'शुगर' शब्द पाहून ती परत ठेवतात आणि शेजारची साखरयुक्त लस्सी घेतात. दोन ओळी वाचल्या तर असे होणार नाही.

श्रीखंडाच्या डब्यावर १०० ग्रॅमला चाळीसच्या आसपास एकूण साखर दिसली तर त्यात दुधाचा वाटा फारच थोडा असतो, कारण चक्का टांगताना दुग्धशर्करा बरीचशी पाण्याबरोबर निथळून जाते. म्हणजे जवळजवळ सारी साखर वरची. श्रीखंड सणाला खावे, आनंदाने खावे. पण ते दह्याचा प्रकार म्हणून रोज मुलांच्या पोळीवर लावू नये.

तक्ता वाचताना आणखी दोन गोष्टींकडे लक्ष असावे. पहिली, आकडा कशाचा आहे. १०० ग्रॅमचा आहे, १०० मिलिलीटरचा आहे की एका वाढणीचा? पेयाच्या २०० मिलिलीटरच्या खोक्यावर "१०० मिलिलीटरला १२ ग्रॅम" असे असेल, तर मूल ते सबंध खोके पिते आणि २४ ग्रॅम साखर पोटात घालते. बिस्किटांच्या पुड्यावर वाढणी म्हणून दोनच बिस्किटे धरलेली असू शकतात. आपल्याकडे चहाबरोबर दोन बिस्किटांवर कोण थांबतो?

दुसरी गोष्ट टक्केवारीची. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात दिवसाच्या गरजेचे टक्के दिलेले असतात. मिसळलेल्या साखरेसाठी हे टक्के ५० ग्रॅम हा आधार धरून काढतात. ही गरज नव्हे, कमाल मर्यादा आहे. मिसळलेल्या साखरेची गरज शरीराला मुळीच नसते. त्यातही अधिक हितकारक मर्यादा २५ ग्रॅमची. म्हणून तक्त्यात २० टक्के लिहिले असेल तर मनाशी दुप्पट करून ४० टक्के वाचावे. आणि खाणारे मूल सहा वर्षांचे असेल, तर त्याची दिवसाची ऊर्जेची गरज २००० किलोकॅलरींहून बरीच कमी असल्याने त्याच्यासाठी हा आकडा आणखी वाढतो.

घटकांच्या यादीतील अनेक नावे

तक्त्यानंतर घटकांची यादी वाचावी. नियमानुसार ज्याचे प्रमाण सर्वांत अधिक तो घटक आधी आणि सर्वांत कमी तो शेवटी, असा तिचा क्रम असतो. पहिल्या तीन नावांत साखर आली तर पदार्थ गोडच, मग दर्शनी बाजूला कितीही धान्ये रंगवलेली असोत.

परंतु साखर अनेक नावांनी येते. साखर, खांडसरी, गुळाची पावडर, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, खजुराचे सिरप, फळांच्या रसाचे कॉन्सन्ट्रेट ही सारी एकाच कुळातील मंडळी. एकाच बिस्किटात साखर, इन्व्हर्ट सिरप आणि माल्ट एक्स्ट्रॅक्ट असे तीन गोड घटक असले, तर प्रत्येकाचे वजन वेगवेगळे मोजले जाते आणि यादीत प्रत्येक जण खालच्या जागी जातो. तिघांची बेरीज केली तर कदाचित ती पिठाच्या पाठोपाठ येईल. व्यापारी घरांत हे समजावून सांगावे लागत नाही. एकच देणे तीन नावांच्या खात्यांत मांडले म्हणून ते कमी होत नाही.

माल्टोडेक्स्ट्रिन या घटकाकडेही लक्ष असावे. ते पिष्टापासून तयार होते, चवीला फारसे गोड नसते आणि साखरेच्या ओळीत बहुधा मोजले जात नाही. पण पचते झटपट आणि रक्तातील ग्लुकोज वेगाने वाढवते. मधुमेही व्यक्तींनी म्हणूनच साखरेबरोबर वरची कर्बोदकांची ओळही वाचली पाहिजे. गुरुजींच्या पत्नीच्या बाबतीत माझी दुसरी चूक हीच होती. त्या बिस्किटांत गूळ नसता तरी पीठ होतेच. बिस्किटाच्या १०० ग्रॅममध्ये ६० ते ७० ग्रॅम कर्बोदके सहज असतात, आणि मधुमेहात त्या सर्वांचाच हिशोब ठेवावा लागतो.

आपली वाचायची सवय

वेष्टन उलटून वाचण्याची सवय आपल्या समाजाला नवी नाही. कांदा, लसूण, बटाट्याचा स्टार्च, जिलेटिन यांच्यासाठी आपल्या घरातील स्त्रिया वर्षानुवर्षे घटकांच्या याद्या वाचत आल्या आहेत. मध टाळणारी कुटुंबे तर अधिकच सावध असतात, कारण हिरवा ठिपका मधाच्या बाबतीत मदत करत नाही. आपल्या नियमांत मध मांसाहारी पदार्थांत गणलेला नसल्याने मध घातलेल्या बिस्किटावरही हिरवा ठिपका असू शकतो. तो घटकांच्या यादीतच शोधावा लागतो.

मात्र ही सवय 'चालते की चालत नाही' एवढ्यावर थांबते. आमच्या घरी कांदा-लसूण नसलेला टोमॅटो सॉस येतो. यादीत नको ते काही नाही, एवढे पाहून बाटली घरात येत असे. एकदा खालचा तक्ता पाहिला तर १०० ग्रॅमला २० ग्रॅमहून अधिक साखर निघाली. टोमॅटोची स्वतःची साखर १०० ग्रॅमला तीन ग्रॅमच्या आसपास. टोमॅटो आटवला तर ती थोडी वाढेल, पण वीसपर्यंत जाणार नाही. म्हणजे तिखट-आंबट म्हणून आपण जे मुलांना वाढत होतो त्याचा मोठा भाग साखरेचा होता. डोळे यादीवर होतेच, ते आणखी दोन बोटे खाली न्यायचे राहिले होते.

गूळ, खजूर आणि 'नैसर्गिक' हा शब्द

आपल्या प्रदेशात गुळावर माणसांचे प्रेम आहे. कोल्हापूर-कराडकडची ढेप दुकानात आली की वासानेच गिऱ्हाईक थांबते. गुळात साखरेपेक्षा खनिजे थोडी अधिक असतात, हे खरे. पण १०० ग्रॅम गुळात ८० ग्रॅमहून अधिक साखरच असते. उसाचा रस शेतातून आला म्हणून गूळ 'नैसर्गिक', असे म्हणायचे तर पांढरी साखरही त्याच उसातून आली आहे. उसाचे तंतू चिपाडाबरोबर मागे राहिले, तिथेच रस फळाच्या पंक्तीतून उठला. म्हणून गूळ घातलेली चिक्की, गुळाचा चहा, गुळाची बिस्किटे यांचा हिशोब साखरेच्याच खात्यात मांडावा.

आमच्या सासूबाई गोड विगयाचा त्याग करतात तेव्हा गूळ आणि साखर दोन्ही ताटातून जातात. "साखर सोडली, गूळ चालेल" असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. जे त्यांनी व्रताच्या अंगाने ओळखले ते मला तक्त्याच्या अंगाने शिकावे लागले.

खजूर आणि मनुका यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्या सुकलेल्या फळांत साखर पुष्कळ असते, निम्म्या वजनाहून अधिक. पण सालीसकट, तंतूंसकट चार खजूर चावून खाणे हे फळ खाणेच आहे. त्याच खजुराचे गाळलेले सिरप बाटलीत भरले की ते पाक होते. फळाच्या रसालाही हाच न्याय लागू आहे. एक पेला संत्र्याच्या रसाला तीन-चार संत्री लागतात आणि चोथा टाकला जातो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना फळांचे रस, त्यांचे कॉन्सन्ट्रेट आणि मध यांतील साखर मर्यादा घालण्याच्या साखरेतच धरते. वेष्टनावर "साखर घातलेली नाही" हे खरे असले तरी रस म्हणजे फळ नव्हे. आपल्याकडे कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी घालून बनवलेल्या रसांवर "शंभर टक्के फळांचा रस" असा दावा छापू नये, असा आदेश प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये काढला.

दर्शनी बाजूची वचने

समोरच्या ठळक वाक्यांचे अर्थ ठरलेले असतात आणि ते एकमेकांहून वेगळे असतात. 'शुगर फ्री' म्हणजे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलीटरमध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून अधिक नाही. 'लो शुगर' म्हणजे घन पदार्थात १०० ग्रॅमला ५ ग्रॅमपर्यंत आणि द्रवात १०० मिलिलीटरला अडीच ग्रॅमपर्यंत. 'नो ॲडेड शुगर' म्हणजे साखर आणि साखरेच्या जागी काम करणारे गोड घटक वरून घातलेले नाहीत. पदार्थाची स्वतःची साखर मात्र असू शकते. 'नो रिफाइन्ड शुगर' हे वाक्य या तिन्हींहून सैल आहे. पांढरी साखर वापरली नाही, यापलीकडे ते काहीही सांगत नाही. मी गुरुजींना चौथे वाक्य वाचून पहिल्या वाक्याचा अर्थ सांगितला होता.

'शुगर फ्री' पदार्थाचा गोडवा कुठून येतो हेही यादीत सापडते. ९५१ क्रमांक ॲस्पार्टेमचा, ९५५ सुक्रॅलोजचा, ९६० स्टीव्हियापासून मिळणाऱ्या गोड द्रव्याचा. ४२० म्हणजे सॉर्बिटॉल आणि ९६५ म्हणजे माल्टिटॉल. या दोहोंत ऊर्जा साखरेहून कमी, पण शून्य नव्हे, आणि अधिक खाल्ले तर पोट सुटते. मधुमेही व्यक्तीने यांतले काय आणि किती घ्यावे, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे; दुकानदाराने ते सांगू नये.

दुकानात झालेला बदल

गुरुजींच्या त्या भेटीनंतर मी बाबूजींना सारे सांगितले. रागावतील असे वाटले होते. त्यांनी वेष्टन हातात घेतले, चष्मा कपाळावर सारला, पुन्हा खाली आणला आणि म्हणाले, "तोलून देतो तसं वाचूनही द्यायला पाहिजे." आता गल्ल्यापाशी दोरीने बांधलेले एक भिंग आहे. "यात साखर आहे का?" असे कोणी विचारले तर आम्ही हो किंवा नाही म्हणत नाही; पुडा उलटा करून भिंगासह गिऱ्हाइकापुढे ठेवतो आणि दोन ओळींवर बोट ठेवतो. काही जण पुडा परत ठेवतात. त्या मालाचा खप थोडा घटला, हे खरे आहे. पण फुटाणे, शेंगदाणे, साधे खाकरे आणि ज्वारीच्या लाह्या यांची मागणी वाढली.

दिवाळीत व्यापारी मित्रांना पाठवायच्या पेट्यांतही बदल केला. पूर्वी रसाची खोकी आणि बिस्किटांचे डबे असत. गेल्या खेपेला बदाम, अक्रोड, काळ्या मनुका आणि घरच्या मिठाईचा एकच छोटा डबा ठेवला. गोड अजिबात नको, असे माझे म्हणणे नाही. गोड आहे हे माहीत असताना, ठरवून खाल्लेले गोड घराला परवडते. सॉसमध्ये, पावात, पौष्टिक म्हणून दिलेल्या चूर्णात नकळत पोटात जाणारे गोड परवडत नाही, कारण ते कोणी मोजत नाही.

गुरुजी अजूनही येतात. गेल्या महिन्यात त्यांनी फुटाणे घेतले, मग सवयीने एक नवा पुडा उचलला, उलटा केला आणि भिंग मागितले. बराच वेळ वाचत उभे राहिले. मग पुडा जागेवर ठेवून म्हणाले, "सूनबाई, गणित जमलं. वजाबाकीचं आहे." मी फुटाणे तोलले आणि दोन दाणे अधिक घातले.